वेणी माझी, रंग तुमचा

आमची घरमालकीण चिडली की शुद्ध मराठीत बोलायची. एरवी तिच्या तोंडी वडशाची बोली, मले-तुले, काऊन-कुठी, मधेच हिंदी. पण डोकं फिरलं की थेट नाटकातली भाषा. मी राहायला गेले त्या पहिल्याच आठवड्यात नळ टपकत ठेवून ड्युटीवर निघाले, तर मागून आवाज आला, "थांबा. या घरात पाण्याचा असा अपमान आजवर कोणी केलेला नाही, आणि यापुढेही कोणी करणार नाही." वळून पाहते तर बाई दारात उभी. एक हात चौकटीवर, मान जराशी तिरपी, आणि काळीभोर वेणी खांद्यावरून पुढं घेतलेली, कमरेच्याही खाली आलेली. मी मुकाट्यानं नळ बंद केला. तशी लगेच म्हणाली, "जाय आता पोरी, उशीर होऊन राह्यला तुले."

मी तेव्हा वडशाला सरकारी दवाखान्यात नर्स होते. चंद्रपूरहून बदलीवर गेलेली, गावात ओळख ना पाळख. खोली शोधत हिच्या दाराशी आले तर दाराच्या बाहेरच्या बाजूला आरसा टांगलेला. मी विचारलं, आरसा असा बाहेर कशाला? म्हणाली, "घरात यायच्या आधी मानसानं सोताले पाहून घ्यावं. मंग आत येऊन मले नावं ठेवावी." घरमालकिणी मी पुष्कळ पाहिल्या होत्या. कोणी मटण नको म्हणायची, कोणी आडून आडून जात विचारायची आणि बाबासाहेबांचा फोटो पाहिला की खोली कालच दिली म्हणायची. हिनं माझ्या पेटीतला फोटो पाहिला, भिंतीत खिळा ठोकून दिला आणि एकच विचारलं, "नाटक पाहतेस ना?" मी हो म्हटलं. "मंग राह्य," म्हणाली.

बाई झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भाच्या, नाटकातली. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. दिवसा दुकानं, पाळणे, दंडारीचे नाच-खेळ, घरोघरी पाहुणे, आणि रात्र झाली की नाटक, पार उजाडेपर्यंत. नाटकाशिवाय मंडई म्हणजे नवरदेवाशिवाय वरात. या सगळ्या कंपन्यांची ऑफिसं वडशाला. बाई तरुणपणी हिरोईन होती, मग वहिनी झाली, आणि वहिनी झाली ती वहिनीच राहिली. दीर बदलले, नवरे बदलले, पुढं पुढं दिराची कामं करणारी पोरं तिच्या मुलाच्या वयाची यायला लागली, तरी ही वहिनी. सगळा हिवाळा दौऱ्यावर, आणि होळी झाली की घरी.

घरी असली की टीव्ही लावायची आणि आवाज बंद करायची. सासू बोलली की सासूचं, सून बोलली की सुनेचं, सगळी बोलणी स्वतः मनानं करायची. मी पलीकडच्या खोलीतून ऐकायचे. सीरियलपेक्षा तिचं नाटक कितीतरी सरस असायचं. सासूला ती असं काही बोलायला लावायची की खऱ्या लेखकानं हात जोडावे. मागच्या सांदवाडीत, म्हणजे परसात, कोंबड्या होत्या, आणि कोंबड्याचं नाव तिनं ठेवलं होतं मालक. कंपनीचा मालक एकदा सकाळी आला तेव्हा ही मागं ओरडत होती, "मालक, लाज नाई वाटत का बे? दिवसभर कोंबड्यायच्या मागं." तो बिचारा अंगणातच थांबला. मी त्याला पाणी दिलं, आणि काय सांगावं ते न सुचून चहाही दिला.

आता वेणीचं सांगते. झाडीपट्टीत बाईला नावापेक्षा वेणीनं जास्त ओळखत. पोस्टरवर तिचा चेहरा एवढासा आणि वेणी एका कडेनं खालपर्यंत. केस पांढरे व्हायला लागले तेव्हा काळ्या मेंदीची पहिली पुडी मालकानंच आणून दिली होती. "बाई, पब्लिक वेणी पाह्यले येते," म्हणाला. तेव्हापासून दर पंधरवड्याला ती लोखंडी कढईत मेंदी कालवायची आणि डोक्याला थापून, वर प्लास्टिकची पिशवी बांधून बसायची. डोकं खाजायचं. कानामागं पुरळ यायची. मी म्हणायचे, बाई, हे चांगलं लक्षण नाही. ती म्हणायची, "मेंदी थंडी असते, पोरी. अंगातली गरमी बाहेर निघून राह्यली." तिच्यापुढं माझं नर्सिंगचं शिक्षण म्हणजे कालचं पोरगं.

त्या वर्षी होळीच्या सुमाराला ती दौऱ्यावरून आली ती दुसऱ्याच्या हाताला धरून. डोळे दिसतच नव्हते. कपाळ, पापण्या, कान, सगळं सुजून एक झालेलं, आणि केसांच्या मुळाशी पाणी सुटलेलं. शेवटच्या गावचा प्रयोग तिनं तसाच केला होता, पदर पुढं ओढून. मी ऑटोत घालून तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टर नवीन होता, पण माणूस समजदार. इंजेक्शन दिलं, आणि सूज जरा उतरल्यावर तिच्याजवळ स्टूल ओढून बसला. म्हणाला, "बाई, ही मेंदी नाही. पुडीवर मेंदीचं पान छापलं म्हणून आतला काळा रंग मेंदीचा होत नाही, ते केमिकल आहे. तुमच्या शरीरानं त्याच्याशी दावा मांडलाय. आता कोणत्याही नावाचा, कोणत्याही डब्यातला काळा रंग तुमच्या डोक्याला लागायला नको. पुढच्या वेळी श्वास अडकेल."

तिनं हातानं वेणी चाचपली. मग म्हणाली, "लावलेला कसा काढाचा?"

"काढायची घाई कशाला? वाढू द्या आणि कापून टाका."

बाई खाटेवर सरळ उठून बसली. सुजलेल्या तोंडानं, अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल अशी म्हणाली, "डॉक्टर, वेणी माझी आहे. रंग मालकांचा आहे. रंग जाईल, वेणी राहील." बाजूच्या खाटेवरची बाळंतीण आपलं दुखणं विसरून बघत राहिली.

मालक बिस्किटांचे पुडे घेऊन घरी भेटायला आला. माणूस वाईट नव्हता, हे मी आधीच सांगून ठेवते. त्याची मिशी बाईच्या वेणीसारखीच काळी कुळकुळीत, आणि कानाजवळ रंगाचा डाग कायमचा. त्यानं यंदाच्या नव्या नाटकाची गोष्ट सांगितली. एक म्हातारी असते, पोरं तिचं घर विकायला काढतात, आणि ती एकटी सगळ्यांशी भांडते. मुख्य काम म्हातारीचं, आणि ते बाईसाठीच लिहून घेतलेलं. इतक्या वर्षांच्या वहिनीपणातून सुटका. बाईचा चेहरा असा फुलला की सूज कुठं आहे ते कळेना.

"मंग तं बेसच झालं, भाऊ," ती म्हणाली. "आता मी पांढरीच होतो. म्हातारीचे केस पावडर लावून कायले कराचे? सोताचे हायत ना माह्याजवळ."

मालकाचं तोंड उतरलं. "तसं नाई जमत, बाई. बाकीच्या दोन नाटकात तुमी वहिनीच हा. त्यातनी वेणी काळी पायजे. म्हातारीच्या टायमाले वरून पावडर मारू. अन् डाय आता दुसऱ्या कंपनीचा आनू, हर्बल."

मी मधे पडले. म्हटलं, भाऊ, डॉक्टर काय म्हणाले ते मी माझ्या कानानं ऐकलंय, हर्बलच्या नावाखालीही तेच असतं, मारायचं आहे का बाईला? तो म्हणाला, "मंग टोप घाला. टोप बी नाई तं मी नागपूरवरून बाई आनतो. दसऱ्यानंतर तालीम हाय, तवा सांगा." आणि गाडीला किक मारून गेला. म्हणजे हिशेब सरळ होता. डोकं काळं राहिलं तर काम, नाही तर आयुष्यभराची भाकरी दुसरीच्या ताटात.

बाईनं कंबर कसली. टोप नको, डाय नको, दसऱ्याच्या आत रंग उतरवायचाच. पण तिचं सगळं ज्ञान स्टेजवरचं. नाटकवाले तोंडाचा रंग खोबरेल तेलानं काढतात आणि डिंकानं चिकटवलेल्या दाढ्या-मिशा स्पिरीटनं. तिचं म्हणणं, रंग तो रंग, तोंडावरचा काय अन् डोक्यावरचा काय. मी ड्युटीवरून आले तर घरभर स्पिरीटचा वास, आणि ही न्हाणीत डोकं धरून बसलेली. कातडी अजून कच्ची, त्यावर स्पिरीट ओतलेलं. मी बादलीवर बादली पाणी घातलं आणि तोंडाचा पट्टा सोडला तो सोडलाच. दुसऱ्या दिवशी शेजारची काकू वाटीत पांढरी पूड घेऊन हजर. विहिरीत टाकायची ब्लीचिंग पावडर. "कपड्याचा डाग जाते तं केसाचा काऊन नाई जानार?" असा तिचा सवाल. ती वाटी मी हिसकून घेतली आणि म्हटलं, काकू, हिचे डोळे गेले तर तुमचे देता का? त्यानंतर काकू महिनाभर माझ्याशी बोलली नाही. मला काही फरक पडला नाही.

मग मी बाईला समोर बसवलं आणि म्हटलं, काढायचाच असेल तर माझ्या पद्धतीनं, माझ्या देखत, आणि मी थांब म्हटलं की थांबायचं. ती म्हणाली, "तू काय डायरेक्टर होय?" मी म्हटलं, हो.

आधी डोक्याची कातडी पूर्ण बरी होईपर्यंत काहीच लावू दिलं नाही. तो उन्हाळा तिनं कसा काढला ते तिलाच माहीत. रोज आरशात मुळं बघायची. बोटभर पांढरं आलं तेव्हा मला हाक मारून दाखवलं, पहिलं पीक आल्यासारखं. मग कोमट तेल. गरम नाही, कोमट. रात्रभर ठेवून सकाळी कोंड्याचा शाम्पू, कारण तो जरा कडक असतो आणि रंग सैल करतो. पुढं व्हिटॅमिन सीच्या गोळ्या. मेडिकलवाल्यानं विचारलं, घरात कोणाचे दात हलतात का, इतक्या गोळ्या कोणाला? त्या कुटून शाम्पूत कालवायच्या आणि ओल्या केसांना लावायच्या. पण ते डोक्याला लावायच्या आधी मी मानेजवळची एक बट कापून वाटीत बुडवून पाहिली, आणि थोडंसं तिच्या कानामागं लावून दोन दिवस वाट पाहिली. ती वैतागली. "पोरी, माहं लग्न बी एवढ्या चौकशीनं झालं नव्हतं," म्हणाली. लावताना डोळ्यांवर टॉवेल, जरा चुरचुरलं की लगेच धुवायचं, नंतर पुन्हा तेल, आणि मग आठवडाभर केसांना हातही लावायचा नाही. मधल्या आठवड्यात ती चोरून लावेल म्हणून गोळ्या मी माझ्या कपाटात कुलपात ठेवायचे.

रंग उतरला. पण कसा? काळ्याचा आधी तपकिरी झाला, मग विटकरी, आणि पावसाळा सरता सरता गंजल्या पत्र्यासारखा. मुळाशी चार बोटं पांढरं, खाली सगळं लालसर, आणि शेंड्याला अजूनही काळं, कारण शेंड्यांनी वर्षानुवर्षांची मेंदी प्यायलेली. बाजारात गेली की पोरं हसायची. भाजीवाला एकदा म्हणाला, "बाई, हे नवीन फॅशन होय का?" तिनं वांगं टोपलीत परत ठेवलं. "ही फॅशन नव्हे. ही सुटका आहे, आणि ती अर्धी झालेली आहे." त्यानं वांगी फुकट दिली. ती तिनं घेतली नाहीत. दुसऱ्या दुकानातून घेतली, ती मात्र किडकी निघाली.

ब्यूटी पार्लरवाली म्हणाली, मी एका दिवसात करून देते, ब्लीच मारू आणि वरून चंदेरी टोनर. मी नको म्हटलं. त्या कातडीवर ब्लीच म्हणजे पुन्हा तेच दुखणं. आणि खरं सांगायचं तर मलाही तेव्हा कळून चुकलं होतं की घरच्या उपायांनी इतकंच होतं. जुना मुरलेला रंग फिका होतो, पांढरा होत नाही. आत शिरलेला रंग केस सोडत नाही. तिला हे सांगायची माझी हिंमत होईना. दोन-तीनदा तोंडाशी आलं आणि परत गिळलं. शेवटी तीच म्हणाली. अंगणात केस वाळवत बसली होती. वेणीचं टोक हातात घेऊन म्हणाली, "हा नाई जात ना, पोरी?"

मी म्हटलं, "नाही जात, बाई."

"मले मालूम होतं," म्हणाली. "तुह्या तोंडावरूनच दिसून राह्यलं होतं. तू नाटकात काम नको करू कधी."

आणि उठली. चपला घालून सरळ गल्लीच्या तोंडाशी असलेल्या पुरुषांच्या सलूनमध्ये. मी मागं धावले. आत तिघं-चौघं माणसं पेपर वाचत बसलेली, भिंतीवर कंपनीचं जुनं पोस्टर, त्यात वेणी घेऊन हीच उभी. खुर्ची रिकामी होती. त्यात बसली आणि म्हणाली, "जितकं पांढरं हाय तितकं ठेव. बाकी काप."

सलूनवाल्याच्या हातातला कंगवा थांबला. "नाई, बाई. मी नाई कापत. माह्या मायनं तुमची वेणी पाहून माह्या बहिनीचे केस वाढवले. दुसरीकडं जा."

तिनं त्याच्या समोरची कात्री उचलली, मान डावीकडे वाकवली आणि वेणी मुळापाशी धरून कापायला लागली. जाड वेणी, एका दमात कापली जाईना. कात्री करकर वाजत होती. सगळे पेपर खाली आले. वेणी हातात आली तशी ती त्याला म्हणाली, "आता तरी बराबर कर. का अशीच पाठवतोस घरी?" त्यानं डोळे पुसले आणि बराबर केलं. घरी आल्यावर ती रडली. मीही रडले, कशाला लपवू? बाईचं रडणं अगदी बेसूर होतं, नाटकातल्यासारखं मुळीच नाही. मग तिनं तोंड धुतलं आणि म्हणाली, डोकं किती हलकं लागून राह्यलं.

दसऱ्यानंतर तालमीला गेली तेव्हा वेणी कागदात गुंडाळून सोबत नेली आणि मालकाच्या टेबलावर ठेवली. "भाऊ, रंग तुमचा होता. आता वेणी बी घ्या. पोस्टरले लावा." मालक त्या वेणीकडे आणि तिच्या आखूड पांढऱ्या डोक्याकडे आळीपाळीनं बघत बसला. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. तालमी मात्र होऊ दिल्या. आम्हाला वाटलं, जिंकलो.

म्हातारीच्या नाटकाचा पहिला प्रयोग एका मंडईतला. मला त्या दिवशी सुट्टी होती, आणि बाई म्हणाली, तू चाल, माह्या डोक्याचा डॉक्टर तूच. गावात नाटकवाल्यांना घरोघरी उतरवतात. आम्हाला मिळालेलं घर कवेलूचं, कौलारू, पुढं मोठी ओसरी, ओसरीत खाट. दुपारची वेळ. बाहेर पाळणे फिरत होते, मंडळाचा माणूस माइकवर नाटकाची जाहिरात करत होता, आणि ओसरीच्या दारात बायकांची ही गर्दी. हिरोईन कशी दिसते ते दिवसाउजेडी पाहून घ्यायची आमच्याकडे पद्धतच आहे. बाईच्या डोक्यावर पदर होता. ती खाटेवर बसून चहा पीत होती.

मालक आला. हातात एक डबा. डबा उघडला तर आत टोप, आणि टोपाला लांब वेणी, काळी कुळकुळीत.

"घ्या," म्हणाला. "परकी नाई. तुमचीच होय. नागपूरले पाठवून टोप बनवला, अन् काळी करून आनली. म्हातारीची पावडर वरून मारू."

बिचाऱ्याला वाटत होतं की आपण मोठं काम करून आलो. माझं मात्र डोकंच सणकलं. मी म्हटलं, भाऊ, त्याच रंगानं बाई मरता मरता वाचली आणि तुम्ही तोच रंग लावून टोप तिच्या कातडीवर ठेवता? त्यानं माझ्याकडे पाहिलंही नाही. बाईला म्हणाला, "बाई, हात जोडतो. गावोगाव लोकायनं लांब केसाची बाई म्हनून नाटक बुक केलं. तुमी अशा गेल्या तं पब्लिक उठून जाईन. घालत नसान तं संध्याकाळच्या बसनं जा. नागपूरची बाई ब्रह्मपुरीले येऊन बसली हाय, फोन केला का येते."

म्हणजे त्यानं सगळं आधीच ठरवलं होतं. बाईनं चहाचा कप खाली ठेवला. मला वाटलं, आता ती शुद्धात कडाडेल. पण तिनं डोक्यावरचा पदर काढला आणि दाराकडे तोंड करून बसली, बस्स.

दारातल्या बायका टाचा उंचावून बघायला लागल्या. पोस्टरवरची वेणी पाहायला आलेल्या होत्या त्या. मग त्या घरची म्हातारी आजी, कमरेत वाकलेली, काठी टेकत आत आली. बाईच्या समोर उभी राहून तिनं डोक्याकडे निरखून पाहिलं.

"खरे होत का हे?"

"ओढून पाह्य," बाई म्हणाली.

म्हातारीनं ओढलं. चांगलं जोर लावून ओढलं. बाईची मान खाली गेली. म्हातारीनं दुसऱ्या बाजूनंही ओढून पाहिलं आणि मागच्या बायकांना सांगितलं, "हिचेच होत." मग मालकाकडे वळली.

"इतके वर्सं नाटक पाहून राह्यली मी. म्हातारीचं काम आलं का पावडर लावलेली पोरगी येते, कमरेले हात लावते अन् खोकते. मी काय खोकतो का दिवसभर? आज पयल्यांदा तुनं खरी म्हातारी आनली, अन् तिले झाकून राह्यला?"

मालकानं उत्तर देण्यासाठी तोंड उघडलं. पण मागून दुसरी एक बाई म्हणाली, "राहू द्या ना जी, तशीच राहू द्या." तिसरी म्हणाली, "टोपवाली आली तं आमी उठून जाऊ, सांगून ठेवतो." मालक मिशीवरून हात फिरवत उभा राहिला. इतकी वर्षं पब्लिक पब्लिक म्हणत होता, आणि पब्लिक त्याच्या समोर दारात उभं होतं. त्यानं टोप डब्यात ठेवला, झाकण लावलं आणि बाहेर पडला. मला वाटलं, ब्रह्मपुरीला फोन लावायला गेला. बाई तशीच बसून होती, पण खाटेची कड तिनं घट्ट धरली होती, मला दिसत होतं.

थोड्या वेळानं माइकवरचा आवाज बदलला. मालकाचा आवाज, घसा खाकरत. "तमाम रसिक मायबाप. आज रात्रीच्या नाटकात म्हातारीच्या कामात आपली लाडकी कलावंत येऊन राह्यली. टोप नाई. पावडर नाई. आपल्या सोताच्या पांढऱ्या केसांनी."

बाईनं खाटेची कड सोडली. पदरानं नाक पुसलं. मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "पोरी, जाय. त्याले सांग, वय बी सांग म्हना. बासष्ट."

मी गर्दीतून वाट काढत माइकपाशी गेले आणि त्याला सांगितलं. त्यानं माइकवर हात ठेवला. "खरंच सांगू म्हनते का?"

"खरंच."

त्यानं सांगितलं. पाळण्यांपासून बैलांच्या शर्यतीच्या पटापर्यंत सगळ्या मंडईनं ऐकलं. मी परत आले तोवर दारातल्या बायका आत येऊन खाटेभोवती खाली बसल्या होत्या, आणि एकेकजण आपापलं वय सांगत होती.